सेकंड लीडसाठी, म्हणजे दुसऱ्या नायकासाठी, रडू का येतं? मालिका लिहिणाऱ्या बाईचं उत्तर

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: 'मुलीच्या नादाने "रिप्लाय १९८८" ही कोरियन मालिका पाहिली. संपल्यावर चार दिवस जेवण गोड लागलं नाही. नायिका डॉक-सनचं लग्न जुंग-ह्वानशी झालं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. लिहिणाऱ्यांनी फसवलं असंच वाटतं. मिस्टर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हसतात, म्हणतात, कुठल्या कोरियातल्या पोरासाठी रडतेस? बाकीच्या कोरियन मालिका सुरुवातीला धरून ठेवतात आणि अकरा-बारा भागांनंतर कंटाळा येतो. आपल्या मालिकांत तर दोन महिन्यांनी कोणाचंच काही वाटेनासं होतं. यात लेखकाचं कसब किती आणि माझा वेडेपणा किती?'

ताई, वेडेपणाचा प्रश्नच येत नाही. मी १९ वर्षं मराठी मालिकांच्या पटकथा लिहिते आहे. रोजच्या मालिका, आठवड्याला सहा भाग. ही कोरियन मालिका 'कशी बांधली आहे बघू' म्हणून मी वही-पेन घेऊन पाहायला बसले होते. अठराव्या भागात वही मांडीवरून खाली पडली, ती मालिका संपेपर्यंत तिथेच राहिली. तेव्हा हे उत्तर एका रडलेल्या बाईचंच आहे. फक्त तिने नंतर वही उचलली, एवढंच. (ज्यांना मालिका अजून पाहायची आहे त्यांनी पुढे वाचू नये, शेवट फोडणार आहे.)

आधी सरळ उत्तर देते. प्रेक्षकाचा जीव देखण्या माणसावर जडतो असं चॅनेलवाल्यांना वाटतं, चांगल्या माणसावर जडतो असं प्रेक्षकांना स्वतःला वाटतं. माझा अनुभव असा की, ज्याचं गुपित फक्त आपल्याला ठाऊक आहे त्याच्यावर जीव जडतो. आमच्या कामात संवाद वगैरे फार नंतर येतात. त्याआधी एकच हिशेब असतो: कोणती गोष्ट कोणाला कधी कळते? प्रेक्षकाला आधी की पात्राला आधी, आणि मधे अंतर किती? तुमचे ते चार दिवस या अंतराने खाल्ले.

जुंग-ह्वानचंच घ्या. सोलमधल्या सांगमुन-दोंग वस्तीतली एक गल्ली, त्यात एकत्र वाढलेली पाच पोरं. शाळेच्या सहलीत शिक्षकांपासून लपताना तो आणि डॉक-सन भिंतींमधल्या एका चिंचोळ्या फटीत समोरासमोर अडकतात, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते कॅमेरा आपल्याला दाखवतो. गच्च भरलेल्या बसमध्ये तो तिच्यामागे उभा राहून दांडी घट्ट धरतो, मागच्या गर्दीचा रेटा तिला लागू देत नाही. हाताच्या शिरा ताणलेल्या दिसतात. ती रात्री अभ्यासिकेतून परत येईपर्यंत तो जागा राहतो, आणि ती समोर आली की तिरसटासारखं काहीतरी बोलून आत जातो. डॉक-सनच्या वाट्याला काय येतं? फक्त तो तिरसटपणा. बाकीचं सगळं तुमच्या वाट्याला. तिच्यापेक्षा तुम्हाला तो जास्त ठाऊक आहे, आणि ही भागीदारी तुम्ही कोणाला सांगू शकत नाही. शेजारच्या घरातल्या मुलाची चिठ्ठी आपल्या हाती लागावी आणि पोचवायची सोय नसावी, तसं.

मग टेक, याच गल्लीतला पाचांपैकी एक, 'गो' या पटावरच्या खेळातला नावाजलेला खेळाडू आणि शेवटी डॉक-सनचा नवरा होणारा, मित्रांसमोर सरळ सांगून टाकतो की त्याला डॉक-सन आवडते. जुंग-ह्वान गप्प बसतो. पुढे टेकला जुंग-ह्वानच्या पाकिटातला डॉक-सनचा फोटो दिसतो आणि तो पण मागे सरतो. आता दोन मुलांची दोन गुपितं आपल्या पदरात आणि मुलीला पत्ताच नाही. लेखकाने इतकं ओझं प्रेक्षकाच्या डोक्यावर ठेवल्यावर प्रेक्षक चार दिवस जेवणार कसा?

अठराव्या भागात जुंग-ह्वान तिच्यासाठी गाडी घेऊन निघतो. सिग्नल लागत जातात. तो पोचतो तेव्हा टेक आधीच तिथे असतो, सामना सोडून आलेला. आणि मग जुंग-ह्वानच्या मनातलं आपल्याला ऐकू येतं: दोष सिग्नलचा नव्हता, आपल्या कचरण्याचा होता. पुढे तो मित्रांच्या देखत अंगठी काढून सगळं, अगदी सगळं बोलून दाखवतो आणि मग गंमत केली असं म्हणून हसतो. बसमधलं, अभ्यासिकेचं, सगळं त्यात येतं. तुमच्याकडे ठेवायला दिलेल्या वस्तू तो एकेक करून परत मागून नेतो. मला वाटतं आपण रडतो ते तेव्हा. लग्न झालं नाही म्हणून रडणं त्यानंतरचं.

कोरियन प्रेक्षकांत या दुखण्याला 'सब-ब्योंग' म्हणतात, दुसऱ्या नायकाचा आजार. आपल्याकडे शब्द नसेल, पण आजार जुना आहे. कर्ण कुंतीचा मुलगा हे कथा ऐकणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. अर्जुनाला ते कर्ण मेल्यावर कळतं. मराठी माणसाला कर्णाचा एवढा कळवळा का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता फसवणुकीचं. इथे मी तुमच्या बाजूने अर्धी आहे.

ही मालिका नोव्हेंबर २०१५ ते जानेवारी २०१६ या काळात टीव्हीएन या कोरियन केबल वाहिनीवर आली, २० भागांची. लेखिका ली वू-जुंग आणि दिग्दर्शक शिन वॉन-हो यांच्या जोडीने त्याआधी १९९७ आणि १९९४ या सालांवर अशाच दोन मालिका केल्या होत्या आणि तिन्हींत खेळ एकच: आजच्या काळात एक जोडपं दाखवायचं आणि यातला नवरा जुन्या मित्रांपैकी कोण हे शेवटपर्यंत सांगायचं नाही. आधीच्या मालिकांमुळे प्रेक्षकाला सवय लागली होती की वरून तिरसट आणि आतून हळवा असतो तोच नवरा निघतो. म्हणून कोरियात मालिका चालू असतानाच दोन तट पडले. एकाची घोषणा 'ओनामर्यू', म्हणजे काही झालं तरी नवरा र्यूच. र्यू हे जुंग-ह्वानचं काम करणाऱ्या नटाचं आडनाव. दुसऱ्या तटाची 'ओनामटेक'. शेवटच्या भागाला देशभरात १८.८ टक्के प्रेक्षक मिळाले. केबल वाहिनीसाठी हा आकडा तेव्हा अफाट होता.

लेखिकेने टेकचे पुरावे ठेवले नव्हते असं मात्र म्हणता येणार नाही. बीजिंगच्या स्पर्धेला डॉक-सन त्याच्यासोबत जाते. गल्लीत वेंधळी ठरलेली मुलगी तिथे त्याच्या खाण्यापिण्याची, झोपेची सगळी काळजी घेते, आणि गल्लीत दुधाचा पुडा धड न उघडता येणारा मुलगा तिथे सगळ्या देशाचा मान असतो. आई नसलेल्या या मुलाला कोणीतरी विचारतं, आईची आठवण कधी येते? तो म्हणतो, रोज. बस, एक शब्द. पण टेकच्या मनातलं स्वगत आपल्याला क्वचितच मिळतं. तो बाहेरून दिसतो, जुंग-ह्वान आतून. पुरावे टेकचे, जवळीक जुंग-ह्वानची. हे मुद्दाम केलेलं आहे आणि कसबाने केलेलं आहे. त्याला मी फसवणूक म्हणणार नाही.

पण २०१५ मधला नवरा? बायकोशी टोमणे मारत बोलणारा, मिस्कील. त्याचं बोलणं-चालणं शांत, अबोल टेकपेक्षा जुंग-ह्वानच्या जवळ जातं. माणूस वयानुसार बदलतो हे खरं, पण तो कसा बदलला हे दाखवायला हवं होतं. ते न दाखवता नुसती दिशाभूल ठेवली. कोड्यासाठी पात्र वाकवलं, असं माझं मत. तुमचा राग त्या प्रसंगांपुरता रास्त आहे.

शिवाय नवऱ्याच्या कोड्यात आपण एवढे अडकतो की त्या मालिकेतलं सगळ्यांत भारी काम नजरेआड होतं. पहिल्या भागात डॉक-सनच्या घरी अंडी तळतात. थोरलीला मिळतं, धाकट्या भावाला मिळतं, हिच्यापुढे काळ्या सोयाबीनची वाटी सरकवतात. वाढदिवस दरवर्षी थोरल्या बहिणीच्या केकवर, मेणबत्त्या काढून पुन्हा लावून. ऑलिम्पिकच्या संचलनात ती मादागास्करचा फलक घेऊन चालणार असते, त्यासाठी महिनोन् महिने सराव केलेला, आणि तो देशच यायचा रद्द होतो. मग एकदाची ती घरात फुटते. त्यानंतर बाप रात्री गल्लीत केक घेऊन तिच्याजवळ येतो आणि कबूल करतो की तो काही जन्मापासून बाप नव्हता, बाप होण्याची त्याचीही पहिलीच वेळ. मधल्या मुलीचं हे दुःख समजायला कोरियन यावं लागत नाही. माझी मधली बहीण ५३ वर्षांची आहे. तिने हा भाग पाहून आईला फोन केला आणि १९८१ सालच्या एका फ्रॉकचा विषय काढला.

तुम्ही टिपलेला दुसरा मुद्दा, अकरा-बारा भागांनंतरचा कंटाळा. कोरियन प्रेक्षकांकडे यालाही शब्द आहे आणि तो मला फार आवडतो: 'गोगुमा', म्हणजे रताळं. उकडलेलं रताळं पाण्याशिवाय खाल्लं की कसा तोठरा बसतो, तशी कथा घशाशी अडकते. पात्रं सांगायचं ते सांगत नाहीत, पाहायचं ते पाहत नाहीत, आणि आपण इकडे सोफ्यावर 'अगं बोल ना!' म्हणून ओरडतो. त्यावर उतारा 'साइडा', त्यांच्याकडचं लिंबू-सोड्यासारखं पेय. खलनायिकेच्या तोंडावर खरं बोललं गेलं की साइडा. आमच्या स्टोरी-मीटिंगमध्ये मी हे दोन शब्द आणले तेव्हापासून सगळे वापरतात. एकादशीच्या दिवशी तर जास्तच.

तोठरा का बसतो? नेहमीची कोरियन मालिका १६ भागांची. आठव्या-नवव्या भागापर्यंत दोघांचं प्रेम दोघांना कळून चुकतं. म्हणजे ज्या गुपितावर गाडी चालली होती ते संपलं. पेट्रोल संपलं आणि निम्मा रस्ता बाकी. मग लेखक नकली गुपित तयार करतो: नायकाला आजार आहे आणि तो तिला सांगत नाही, त्याच्या आईने धमकी दिली आणि ती त्याला सांगत नाही. 'तुझ्या भल्यासाठी तुला सोडून जातो' ही तर ठरलेली शिदोरी. प्रेक्षकाला खऱ्या आणि नकली गुपितातला फरक लगेच कळतो. जुंग-ह्वान बोलत नाही कारण त्याचा स्वभाव तसा आहे आणि समोर मित्र आहे. बाराव्या भागातला नायक बोलत नाही कारण बोलला तर चार भाग उरतात त्यांचं करायचं काय?

त्यात तिथली कामाची पद्धतही होती. आठवड्याला दोन भाग, प्रत्येक तासाभराहून मोठा, आणि कित्येक मालिका प्रक्षेपण चालू असतानाच चित्रित व्हायच्या. सेटवर त्या दिवसाच्या प्रसंगांची सुटी पानं यायची. त्यांना 'जोक-देबोन' म्हणतात. (आपल्याकडे तीच पानं आता व्हॉट्सॲपवर येतात. मी स्वतः रिक्षात बसून सीन टाइप करून पाठवलेत.) २०१८ मध्ये कोरियात आठवड्याला ५२ तासांच्या कामाची मर्यादा घालणारा कायदा आला, पुढे ओटीटीचा पैसा आला, आणि मालिका आधी पुरी करून ठेवण्याचं प्रमाण वाढलं. पण तोठरा गेला नाही, कारण मूळ अडचण वेळापत्रकाची कमी आणि गुपिताची जास्त आहे.

ज्यांना जमलं त्यांनी काय केलं, त्याचा नमुना म्हणजे 'क्रॅश लँडिंग ऑन यू', २०१९-२०. दक्षिण कोरियाची श्रीमंत उद्योजिका पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तरेत पडते आणि एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी लपते. अर्ध्यापर्यंत ती परकी, तिला तिथलं काहीच ठाऊक नाही. सोळापैकी दहाव्या भागाच्या सुमारास लेखिका पार्क जी-उन गाडी उलटी फिरवते: आता तो आणि त्याचे शिपाई सोलमध्ये परके. ज्यांना सगळं ठाऊक होतं ते अनाडी झाले आणि अनाडी होती ती शहाणी झाली. पेट्रोलची दुसरी टाकी. उत्तरेतल्या त्या गावच्या बायका तर मला नायक-नायिकेपेक्षा आवडतात. लेखकांच्या चमूत उत्तरेतून आलेला एक माणूस होता, म्हणून त्या बायकांच्या कोबीच्या लोणच्याला आणि वीज जाण्याला घरचा वास आहे.

आता आपल्या मालिका. इथे मी आरोपीच्या पिंजऱ्यात आहे, तेव्हा आकडे मांडून बोलते. १६ भागांची कोरियन मालिका सगळी मिळून साधारण १८ तासांची. आपला एक भाग जाहिराती वजा जाता २२ मिनिटांचा. म्हणजे अख्ख्या कोरियन मालिकेएवढी गोष्ट आपण ५० भागांत, आठ-नऊ आठवड्यांत सांगून मोकळे होतो. तुम्ही म्हणता ना, दोन महिन्यांनी काही वाटेनासं होतं? तुमचं घड्याळ बरोबर आहे. गोष्ट खरोखर तिथे संपलेली असते. पुढे जे चालतं त्याला आम्ही आपसांत 'पाणी घालणं' म्हणतो.

आणि गुपित दोनशे भाग टिकवायचं तर ते न कळणारी माणसं दोनशे भाग बावळट ठेवावी लागतात. नायिका दारामागून अर्धवटच का ऐकते? फोन नेमका तेव्हाच का बंद पडतो? सासूचं कारस्थान शेंबड्या पोराला कळतं ते घरच्या इंजिनिअर मुलाला का कळत नाही? लेखकाला अक्कल नाही म्हणून हे होतं, असं दरवेळी समजू नका. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, शुक्रवारी मीटिंग होते, आणि 'तो खुलासा अजून महिनाभर पुढे ढकला' असा निरोप मिळतो. नायिकेची अक्कल आम्ही त्या महिनाभरासाठी गहाण ठेवतो.

एक माझंच पाप सांगते. काही वर्षांपूर्वी एका मालिकेत मी नायिकेच्या माहेरी एक कंपाउंडर लिहिला होता. चार सीनचं काम. तो रोज संध्याकाळी दवाखाना बंद करताना नायिकेच्या वडिलांचा रक्तदाब मोजायचा आणि थोडा जास्त आला तरी घरी नॉर्मल सांगायचा, तिला काळजी नको म्हणून. दुसऱ्या दिवशी गुपचूप गोळी बदलून द्यायचा. हे फक्त प्रेक्षकाला दिसायचं. सहा आठवड्यांत बायका त्याच्यावर एवढ्या लुब्ध झाल्या की नायक फिका पडला. चॅनेलने सांगितलं, त्याला खलनायक करा. केला. दोन भागांत त्याच्या हातात पैशांची बॅग दिली. आमच्या सोसायटीतल्या हळदीकुंकवाला एका आजींनी माझ्या हातावर वाण ठेवलं आणि म्हणाल्या, "तो मुलगा तसा नव्हता." मी म्हटलं, आजी, तो मीच लिहिला आहे. त्या म्हणाल्या, "मग तुला माहीत असायला हवं होतं." वाणात मिळालेली चमचाळं अजून माझ्या टेबलावर आहे, त्यात मी पेनं ठेवते.

पण रोज असणं हाच दोष, असं म्हणून मला सुटता येणार नाही, कारण 'ओशिन' आडवी येते. जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचके, एप्रिल १९८३ ते मार्च १९८४, आठवड्याला सहा दिवस सकाळी १५ मिनिटं, २९७ भाग. आमच्याच मापाची मालिका. तिला जपानमध्ये सरासरी ५२.६ टक्के प्रेक्षक मिळाले. लेखिका सुगाको हाशिदा यांनी काय केलं? सुरुवातच शेवटाकडून केली. कुटुंबाच्या नव्या दुकानाचं उद्घाटन आहे आणि त्याच दिवशी म्हातारी ओशिन घरातून निघून जाते. नातू तिला शोधत जातो. म्हणजे ती जगली, मुलंबाळं झाली, दुकानं झाली, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यानंतर सात वर्षांची ओशिन तांदळाच्या एका पोत्याच्या बदल्यात दुसऱ्याच्या घरी कामाला पाठवली जाते, बर्फातल्या मोगामी नदीवरून तराफ्यावर बसून. काठावर बाप पाहत उभा असतो. ती मरेल का ही भीती प्रेक्षकाला नाही. म्हणून त्याला तो तराफा, ती थंडी, तो बाप नीट पाहता येतो. आणि प्रश्न उरतो तो वेगळा: एवढं सगळं मिळाल्यावर ही बाई घर सोडून का गेली? हा प्रश्न वर्षभर पुरतो. हाशिदांना शेवट ठाऊक होता. मला माझ्या मालिकेचा शेवट चॅनेल बंद करायचं कळवतं त्या दिवशी ठाऊक होतो, बहुतेक पंधरा दिवस आधी.

आपल्याकडेही दूरदर्शनच्या १३ भागांच्या मालिका होत्याच. २०१४ मध्ये झिंदगी वाहिनीवर पाकिस्तानी मालिका आल्या तेव्हा माझ्या सासूबाईंनी 'हमसफर' पाहून पहिली प्रतिक्रिया दिली ती कथेवर नव्हतीच. म्हणाल्या, "संपली? खरंच संपली?" २३ भागांत सासूचं कारस्थान, नवऱ्याचा अविश्वास, आजारी मुलगी, खुलासा, सगळं. सासू-सुनेचाच मसाला, पण संपणारा. दोन वर्षांनी, उरीनंतर, त्या मालिका बंद झाल्या. सासूबाईंनी त्यानंतर महिनाभर टीव्हीच लावला नाही.

आता तुम्ही न विचारलेलं एक सांगते, कारण याच्याशिवाय माझं उत्तर लंगडं राहील. 'माय मिस्टर' पाहा, २०१८, १६ भाग, लेखिका पार्क हे-यंग. डोंग-हून हा पंचेचाळिशीचा स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारतीवर बाहेरून येणारा जोर आणि तिच्या आतली ताकद यांचा हिशेब करणं हा त्याचा धंदा. जी-आन ही त्याच ऑफिसातली २१ वर्षांची तात्पुरती कामगार. कर्ज डोक्यावर, बहिरी-मुकी आजी घरी, ऑफिसातल्या कॉफीच्या पुड्या चोरून दोन एकदम एका कपात ओतणारी. मालिका सुरू झाली तेव्हा वयातल्या फरकावरून कोरियातही ओरड झाली होती. मीही पहिले दोन भाग कपाळाला आठ्या घालूनच पाहिले.

ही मुलगी पैशांसाठी त्याच्या फोनवर पाळत बसवते. त्याला नोकरीतून घालवायचं काम तिने घेतलेलं असतं. कानात इअरफोन घालून ती त्याचं सगळं ऐकते: भावांशी बोलणं, दारूच्या दुकानातल्या गप्पा, जिना चढताना लागलेली धाप, एकटा चालतानाचा पावलांचा आवाज, उसासा. आणि ऐकता ऐकता तिचा जीव त्याच्यावर जडतो.

कळलं का ताई, ती कोण आहे? ती तुम्ही आहात. जुंग-ह्वानचं जे तुमच्या कानावर लेखकाने घातलं, ते डोंग-हूनचं जी-आनच्या कानावर घातलं. लेखिकेने प्रेक्षकालाच गोष्टीत आणून बसवलं आणि मग पुढचं पाऊल टाकलं जे आमच्यातले फार थोडे टाकतात. डोंग-हूनला ते कळतं. आपण चोरून ऐकले गेलो हे कळल्यावर तो चिडेल, लाजेल असं वाटतं. तो तिचे आभार मानतो, की माझं हे भिकार आयुष्य सगळं ऐकूनही तू माझ्या बाजूने राहिलीस. पडद्यावरच्या माणसाने वळून पाहणाऱ्याचे आभार मानावेत, असं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. त्या रात्री मला माझा कंपाउंडर आठवला. त्याने वळून पाहिलं असतं तर काय म्हणाला असता?

आणि आजीला चंद्र पाहायचा असतो म्हणून जी-आन तिला दुकानातल्या ट्रॉलीत बसवून ढकलत नेते, तो प्रसंग. त्यावर मी काही लिहीत नाही, तो पाहायचाच.

जाता जाता भाषेचं. तुम्ही इंग्रजी सबटायटल वाचत असाल तर बरंच हातातून निसटतं, आणि ते मराठीत निसटण्याचं कारण नव्हतं. जी-आन त्याला 'अजोशी' म्हणते. अनोळखी मध्यमवयीन माणसाला म्हणायचा शब्द, आपल्या 'काका'सारखा. इंग्रजीत तो 'मिस्टर' झाला आणि कोरडा पडला. कोरियनमध्ये आदराचं आणि सलगीचं बोलणं वेगळं असतं. एखादा माणूस 'अहो-जाहो'वरून 'अगं-तुगं'वर येतो त्या क्षणी कोरियन प्रेक्षकाच्या छातीत धस्स होतं. इंग्रजी वाचणाऱ्याला दोन्हीकडे 'यू'च दिसतं. सांगमुन-दोंगच्या गल्लीतल्या बायका एकमेकींना 'डॉक-सनची आई', 'जुंग-ह्वानची आई' म्हणतात. आपल्या चाळीत दुसरं काय म्हणायचे? मालिका परक्या देशाची असून आतली का वाटते, याचं थोडं श्रेय या 'अमक्याची आई'लाही आहे.

राहिले तुमचे मिस्टर. जो माणूस दारात उभा राहून हसतो त्याने निदान निम्मी मालिका दारातून पाहिलेली असते, हे मी माझ्या घरच्या अनुभवावरून सांगते. त्यांना आत बोलवा, पहिल्या भागापासून बसवा, आणि सुरू करायच्या आधीच सांगून टाका की नवरा टेक आहे. जे तुमच्यापासून शेवटपर्यंत लपवलं ते त्यांना पहिल्या मिनिटाला द्या. मग तुम्ही पडद्याकडे पाहू नका, त्यांच्याकडे पाहा. बसमधल्या प्रसंगाला, 'रोज' या उत्तराला, आणि अठराव्या भागातल्या दुसऱ्या सिग्नलला ते काय करतात, ते मला कळवा. माझ्या वहीत त्या पानाची जागा रिकामी ठेवली आहे.